चार फुटी रीफ टाकीतली रेती बदलताना : नागपुरातलं एक प्रकरण

रीफ टाकी म्हणजे समुद्राच्या पाण्यात प्रवाळ (कोरल) आणि मासे ठेवलेली टाकी. ही मनीषनगरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची. माप १२० × ४५ × ६० सेंमी, खाली ६० लिटरचा संप, म्हणजे फिल्टरची टाकी. दगड, रेती वजा जाता एकूण पाणी सुमारे २९० लिटर. वय पाच वर्षं. आत सगळी सॉफ्ट कोरल : टोडस्टूल लेदर, मशरूम, झोआंथस, थोडी झेनिया. मासे मोजके, पण रेतीशी संबंध असलेलेच जास्त. क्लाउनफिशची जोडी सोडली, तर एक यलो वॉचमन गोबी आपल्या पिस्टल झिंग्यासोबत बिळात राहतो आणि एक यलो रॅस रोज रात्री रेतीत शिरून झोपतो. पुढचे सगळे निर्णय या तिघांभोवती फिरले.

तक्रार नेहमीचीच होती. रेतीवर लालसर-जांभळी शेवाळी चादर. काढली की चार दिवसांत परत. नायट्रेट ६० पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट ०.४८. दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलूनही आकडे हलत नव्हते. स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) नीट चालत होता, आरओ-डीआयने शुद्ध केलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य होता, खाणं दिवसातून एकदाच. वरून पाहिलं तर दोष सापडत नव्हता, कारण दोष खाली होता.

रेतीत काय दडलं होतं

सुरुवातीला या टाकीत साखरेसारखी बारीक अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) रेती होती, ०.२ ते १ मिमी दाण्याची, ३० किलो. दिसायला देखणी. मात्र दोन्ही बाजूंना ताशी ५,००० लिटरचे वेव्हमेकर (प्रवाह खेळवणारे पंप) लागल्यावर ती उडायला लागली. उजव्या कोपऱ्यात काच उघडी पडली आणि मागे ढीग साचला, मशरूमवर पांढरी भुकटी बसायची. उपाय म्हणून दुसऱ्या वर्षी वरून १२ किलो क्रश्ड कोरल, ३ ते ५ मिमी दाण्याचं, पसरण्यात आलं. रेती उडायची थांबली. खरा बिघाड मात्र तिथूनच सुरू झाला.

जाड दाण्यांच्या फटींतून उरलेलं खाणं आणि विष्ठा सहज खाली जाते. खाली बारीक रेतीचा थर, त्यावर ती अडकते. बारीक रेती एकटी असती तर घाण वरच राहिली असती, प्रवाहाने उचलली असती आणि फिल्टर सॉकपर्यंत, म्हणजे गाळणीच्या पिशवीपर्यंत पोचली असती. सगळी रेती जाड असती तर व्हॅक्यूमची नळी खुपसून निदान ओढून तरी घेता आली असती. इथे दोन्ही वाटा बंद झाल्या. नासॅरियस गोगलगायीही ५ मिमीच्या खड्यांतून पूर्वीसारख्या फिरेनात. आणि हे दोन थर पुढे कधी मिसळून एकजीव होत नाहीत. बिळं खणणारे प्राणी रेती हलवत राहतात, तशी बारीक रेती खाली आणि जाड खडे वर असंच ते पुनःपुन्हा बसत जातं.

खात्री करायला दोन चाचण्या पुरल्या. २० मिमीची पारदर्शक अॅक्रिलिक नळी रेतीत तळापर्यंत उभी खुपसून वरचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि नमुना वर काढला. वरचे दोन सेंमी खडे, मध्ये करडा चिखल, तळाशी काळा थर आणि सडक्या अंड्याचा हलका वास. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. दुसरी चाचणी फॉस्फेटची. २०० मिली रेती नव्या मिठाच्या पाण्यात नीट धुऊन घेतली, मग एक लिटर ताज्या मिठाच्या पाण्यात २४ तास ठेवली. त्या पाण्यात फॉस्फेट ०.३५ आलं. म्हणजे रेती धुतल्यावरही दाण्याला चिकटलेलं फॉस्फेट सुटत होतं. अरॅगोनाइट फॉस्फेट पृष्ठभागावर धरून ठेवतं आणि पाण्यातलं प्रमाण उतरलं की परत सोडतं. त्यामुळे पाणी कितीही बदललं तरी आकडा जागेवरच राहायचा. ‘जुनीच रेती काढून, धुऊन परत घालू’ हा विचार या आकड्यानंतर बाजूला पडला.

कोणती रेती

नागपुरात वाळूला रेतीच म्हणतात, आणि रेती म्हटलं की कन्हान नदीची. घराचं काम पाहणाऱ्या कंत्राटदाराने सहज सुचवलंही, “भाऊ, कन्हानची चाळून देतो ना एक घमेलं, कशाला मुंबईहून मागवता?” सल्ला हसण्यावारी न नेता नमुना तपासला. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फेस नाही, म्हणजे कार्बोनेट नाही, मुख्यतः क्वार्ट्झ. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवल्यावर काळे कण चिकटून आले. रीफच्या दृष्टीने नापास करायला हे कण पुरेसे. लोहाचे आणि इतर धातूंचे कण किती वर्षं काय सोडत राहतील याचा हिशेब ठेवता येत नाही. क्वार्ट्झमुळे डायटम (तपकिरी शेवाळ) वाढतात म्हणून रेतीला दोष दिला जातो, तो मात्र बराचसा फुकटचा आहे. क्वार्ट्झ समुद्राच्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही. डायटमसाठी लागणारं सिलिकेट बहुतेक वेळा संपलेल्या डीआय रेझिनमधून येतं.

टाइल्सच्या दुकानातला पांढरा संगमरवरी चुराही तपासला. व्हिनेगरमध्ये फेस आला, पण सावकाश. डोलोमाइट थंड, सौम्य आम्लात असाच मंद फसफसतो, पूड केली तर जोरात. फेस आला म्हणजे रीफला चालते असं नव्हे. त्यातून एवढंच कळतं की दगड कार्बोनेटचा आहे. फोडलेल्या चुऱ्याला धार असते, आणि रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडणाऱ्या गोबीला ती सोसत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेले ‘कोरल चिप्स’ कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नयेत. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. सागरी काकड्याही त्याच यादीत आहेत. परदेशी सल्ल्यांत ‘रेती साफ ठेवायला एक सी-ककंबर सोडा’ हे हटकून येतं. आपल्याकडे तो पर्याय नाही.

उरली अरॅगोनाइट, पण दाणा कोणता? रेती कमीच ठेवून तळ उघडा करणं सफाईला सर्वांत सोपं, पण गोबी, झिंगा आणि रॅस असताना तो विषय संपला. पुन्हा साखरेसारखी बारीक घ्यायची तर वेव्हमेकरचा जोर निम्मा करावा लागला असता. शेवटी मुख्य तळासाठी १ ते २ मिमी दाणा ठरला, कॅरिबसीचा स्पेशल ग्रेड याच मापाचा असतो. या टाकीतल्या प्रवाहात तो जागचा हलत नाही, आणि व्हॅक्यूमच्या रुंद नळीत उसळून परत खाली बसतो. खोली ४ सेंमी. रॅसला मात्र ही पुरत नाही, त्याला अंगभर झाकणारी बारीक रेती लागते. म्हणून २५ × २० सेंमीचा, ८ सेंमी उंच अॅक्रिलिकचा ट्रे करून त्यात ७ सेंमी बारीक रेती भरायची आणि तो दगडाआड ठेवायचा असं ठरलं.

हिशेब असा. तळाचं क्षेत्रफळ ५,४०० चौ. सेंमी, म्हणजे एक सेंमी थराला ५.४ लिटर. चार सेंमीला २१.६ लिटर. दगडांनी सुमारे पाचवा हिस्सा व्यापलेला, तो वजा करून १७-१८ लिटर. कोरड्या अरॅगोनाइटचं वजन लिटरला साधारण दीड किलो, म्हणून २६-२७ किलो. नऊ-नऊ किलोच्या तीन पिशव्या. ट्रेसाठी साडेतीन लिटर, म्हणजे पाच किलो बारीक रेती वेगळी.

‘लाइव्ह’, म्हणजे जिवंत जिवाणूंसकट विकली जाणारी रेती मुद्दाम टाळली. ओली, बंद पिशवी ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये किती दिवस, किती तापत पडेल ते सांगता येत नाही. आतले जीव मेले तर पैसे देऊन अमोनिया विकत घेतल्यासारखं होतं. पाच वर्षांच्या दगडांत जिवाणूंची कमी नव्हती.

हंगाम आणि पाणी

काम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चार टप्प्यांत. उन्हाळ्यात हे काढूच नये. पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, आणि बहुतेक आरओ मेम्ब्रेनची मर्यादाच ४५ अंशांची असते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात रेती ढवळणं म्हणजे आगीत तेल. हिवाळ्याची अडचण उलटी. बाल्कनीतल्या ड्रममधलं पाणी सकाळी १६ अंशांवर असतं. ६० लिटर पाणी १६ वरून २६ अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते. ३०० वॅटचा हीटर हे काम सव्वादोन तासांत करतो, उष्णता वाया जाते ती धरून तीन तास. मीठ आदल्या दिवशी घोळायचं, ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास, पण शेवटचा शब्द खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा : १.०२५. पंप लावून २४ तास फिरवायचं.

एका दिवसात सगळी रेती काढण्याचा मोह होतोच. मासे, कोरल, दगड सगळं टबात काढून टाकी रिकामी केली, तर तेही जमतं आणि काही वेळा तेच बरं. इथे झोआंथस दगडांवर सर्वत्र चढलेले होते. त्यांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. एवढे दगड हाताळणं, उचलणं, आपटणं नको होतं. म्हणून १२० सेंमीचे ३० सेंमीचे चार पट्टे पाडले आणि दोन पट्ट्यांमध्ये १२ ते १४ दिवस ठेवले. एका वेळी एक चतुर्थांश रेती आणि वीस टक्के पाणी, एवढं दगडांतले जिवाणू निभावून नेतात.

एका पट्ट्याचं काम

सर्वांत आधी, पहिल्या पट्ट्याच्याही आठवडाभर आधी, रॅसचा ट्रे आत गेला. तिसऱ्या रात्री तो तिथे झोपायला लागला. हे आधी केलं नसतं तर घाबरून तो जुन्या रेतीत शिरला असता आणि नेमका नळीच्या तोंडाशी आला असता.

नवी रेती पाच-पाच किलोच्या हप्त्यांत, २० लिटरच्या बादलीत, हाताने ढवळत आठ-दहा पाण्यांत धुतली. पाणी आरशासारखं नितळ होईपर्यंत धूत बसायची गरज नाही. ताकाचं पाणी जाऊन पातळ निवळ दिसली की पुरे. शेवटचं पाणी आरओचं. मग मिठाच्या पाण्यात, २६ अंशांवर, एअरस्टोन लावून एक दिवस.

कामाच्या दिवशी हातात लांब नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या. हीटर बंद, कारण पाणी उतरून तो उघडा पडला तर काच तडकते. वेव्हमेकर आणि संपातून पाणी वर टाकणारा रिटर्न पंपही बंद. टाकीत एक एअरस्टोन चालू. पट्ट्याच्या सीमेवर ३ मिमी अॅक्रिलिकची ४५ × १० सेंमीची पट्टी तळापर्यंत दाबून उभी केली, म्हणजे जुनी रेती नव्या भागात ढासळत नाही.

नळीचं गणित इथे महत्त्वाचं. १९ मिमी आतल्या व्यासाची नळी पूर्ण उघडी धरली तर मिनिटाला २५ लिटरच्या पुढे पाणी ओढते, ६० लिटर दोन-अडीच मिनिटांत संपतात आणि रेती निम्मी आतच राहते. १२ मिमीची नळी मिनिटाला आठ-नऊ लिटर ओढते, पण ५ मिमीचे खडे तिच्यात तुंबतात. म्हणून वरचे जाड खडे आधी सपाट अॅक्रिलिकच्या खोरणीने, पाण्यातच डब्यात सरकवून, सावकाश बाहेर काढले. उरलेली बारीक रेती १२ मिमीच्या नळीने, बाहेरच्या टोकावर अंगठा ठेवून. नळी रेतीच्या वर धरायची नाही, तिरकी आत खुपसायची. मग काळा चिखल पाण्यात न पसरता थेट नळीत जातो. एका पट्ट्यातून सात लिटरच्या आसपास रेती निघाली. ती ओढताना आलेलं पाणी गाळून परत टाकीत घालायचं नाही. त्यातच तर सगळा फॉस्फेट आणि सल्फाइड.

नवी रेती घालायला ५० मिमीचा, ७५ सेंमी लांब पीव्हीसी पाइप आणि वर नरसाळं. पाइप तळाला टेकवून ओली रेती मगाने आत सोडायची आणि पाइप हळूहळू सरकवत न्यायचा. वरून ओतली की धुरळा कोरलवर बसतो. जुन्या रेतीतला वरचा स्वच्छ अर्धा लिटर टाकीच्याच पाण्यात खळबळून नव्यावर पसरला, म्हणजे त्यातले बारीक किडे-जीव नव्या घरात जातात. ताजं पाणी भरलं, दीड तास गाळ बसू दिला, मग सॉक बदलून पंप सुरू. पहिले दोन पट्टे असे बिनबोभाट पार पडले. अमोनिया दोन्ही वेळा शून्य.

तिसऱ्या पट्ट्यात घोटाळा

डाव्या बाजूचा सुमारे १४ किलोचा दगडांचा मनोरा काचेवर नव्हता, रेतीवर उभा होता. टाकी मांडताना झालेली ही चूक फार सर्रास आढळते. पिस्टल झिंगा खालून खणत जातो आणि एक दिवस दगड बसतो. त्यामुळे या पट्ट्यात दगड उचलणं भाग होतं. खालचा मुख्य दगड टाकीच्याच पाण्याने भरलेल्या टबात घेतला. गोबी आणि झिंगा त्याच्या पोकळीतच बसून सोबत आले, तेवढं बरं झालं.

दगड उचलताच खालची पाच वर्षांची काळी रेती ढासळली आणि पाण्यात काळपट ढग उठला. इथपर्यंत अपेक्षित होतं. चूक दुसरीच झाली. संपमधला रिटर्न पंप टायमरवर होता, तो मध्येच सुरू झाला आणि दोन-तीन मिनिटांत ढग संपासकट सगळीकडे फिरला. शिवाय राखीव पाणी नव्हतं. तयार केलेले ६० लिटर रेती ओढण्यातच संपणार होते.

संध्याकाळी अमोनिया ०.५ पीपीएम. क्लाउनफिश वर येऊन जलद श्वास घेत होते. आकडा गोड्या पाण्यात फारसा घाबरवणारा नाही, पण समुद्राच्या पाण्यात पीएच ८.२ आणि २६ अंशांना एकूण अमोनियापैकी सात-आठ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तोच अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उपाय क्रमाने असे झाले : दुसरा एअरस्टोन आणि स्किमर पूर्ण जोरात, २०० ग्रॅम ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन, अमोनिया बांधणारं कंडिशनर, खाणं बंद, आणि रात्रीतून घोळलेलं ४० लिटर पाणी तीन तास फिरवून, तापमान जुळवून दहा-दहा लिटरने. कंडिशनर घातल्यावर अनेक टेस्ट किट बांधलेला अमोनियाही मोजतात, त्यामुळे आकडा लगेच उतरला नाही तरी घाबरून दुसरा डोस ओतायचा नसतो. माशांचा श्वास पाहायचा. बारा तासांनी ०.२५, छत्तीस तासांनी शून्य. मासे वाचले. दोन नासॅरियस मेल्या आणि झेनियाचा एक देठ विरघळला.

चौथ्या पट्ट्याला म्हणून चार बदल : रिटर्न पंपाचा प्लग काढून थेट हातात, ६० ऐवजी १२० लिटर पाणी तयार, मधलं अंतर १४ ऐवजी २१ दिवस, आणि दगडाभोवतीची रेती तो उचलायच्या आधीच ओढून घेणं. दोन्ही मनोरे आता काचेवर ठेवलेल्या अॅक्रिलिकच्या तुकड्यांवर टेकलेले आहेत. रेती त्यांच्या भोवती आहे, खाली नाही.

काढलेली ओली रेती मोरीत टाकली तर पाइप चोंदतो. झाडांच्या कुंडीत मीठ मारतं. फुटाळा-अंबाझरी तलावांच्या काठावर तर ती नेऊच नये, कारण रेतीत जिवंत शेवाळ आणि किडे असतात. इथे ती गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून, उन्हात वाळवून बांधकामाच्या राड्यारोड्यात दिली.

नंतरचे आकडे

नवी अरॅगोनाइट सुरुवातीला स्वतःच फॉस्फेट शोषते. चौथ्या पट्ट्यानंतर आठ दिवसांत फॉस्फेट ०.४८ वरून ०.१० वर आलं आणि टोडस्टूल आठवडाभर मिटून बसलं. हा आजार नव्हता, उपासमारीचा झटका होता. माशांचं खाणं दिवसातून दोनदा केल्यावर ते उघडलं. फॉस्फेट शून्याला टेकू द्यायचं नाही असंच धोरण ठेवलं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की नव्या रेतीवर डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव बस्तान बसवतात, आणि ते लाल चादरीपेक्षा कितीतरी चिवट. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.४ वरून ७.८ डीकेएचवर उतरली, कारण कोऱ्या दाण्यांवर थोडं कॅल्शियम कार्बोनेट बसतं. तीन आठवड्यांत हे आपोआप थांबलं. रेती पीएच सांभाळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये, पीएच ८ च्या वर अरॅगोनाइट फारशी विरघळत नाही. दुसऱ्या आठवड्यात रेतीवर तपकिरी डायटम आले, पाचव्या आठवड्यात गेले. काही केलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नायट्रेट १२, फॉस्फेट ०.०८, लाल चादर नाही. पिस्टल झिंग्याला एकसारख्या दाण्यांत बीळ टिकवता येईना, छत सारखं कोसळायचं. मूठभर जाड कोरलचे तुकडे त्याच्या दाराशी टाकल्यावर त्याने ते एकेक आत ओढून भिंती बांधल्या. उजव्या वेव्हमेकरखाली तळहाताएवढा खड्डा अजून पडतो. पंप दहा अंश वर वळवल्यावर तो अर्धा भरला. व्हॅक्यूम दर आठवड्याच्या पाणीबदलात एकाच पट्ट्यात, आळीपाळीने. रॅसच्या ट्रेमधली बारीक रेती दर सहा महिन्यांनी बदलायची. पहिली पाळी मेमध्ये येते, म्हणून ती एप्रिलच्या सुरुवातीलाच, कूलर बसवायच्या आधी उरकायची आहे.